चित्र कडेनं बघावं

कोल्हापुरात चित्रांसाठी दिवस मोकळा काढायचा असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी टाउन हॉलचं संग्रहालय बंद असतं. दुसरी गोष्ट पोटाची. सकाळी सकाळी जादा कट मारून मिसळ हाणली की साडेदहाला डोळ्यांत पाणी आणि साडेअकराला झोप, अशा अवस्थेत जलरंगातला फिकट निळा आणि फिकट राखाडी यातला फरक दिसत नाही. मिसळ दुपारसाठी ठेवा. सकाळी चहा-खारी पुरे.

तिसरी गोष्ट मात्र लोकांना पटत नाही. एका दिवसात पाचच चित्रं बघायची. दालनात चाळीस चित्रं टांगलेली असतात आणि बहुतेक माणसं एकापुढे दहा सेकंद उभी राहतात. म्हणजे सात मिनिटांत प्रदर्शन संपतं आणि बाहेर येऊन चपला घालताना एकही चित्र आठवत नाही. त्यापेक्षा एक चक्कर न थांबता मारावी, पाय जिथं आपोआप रेंगाळले ती चार-पाच चित्रं मनाशी धरावीत आणि मग परत येऊन प्रत्येकाला दहा मिनिटं द्यावीत. दहा मिनिटं फार लांब असतात. पहिली दोन बरी जातात, तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो, मोबाइलकडे हात जातो. खरं बघणं या कंटाळ्याच्या पलीकडे सुरू होतं.

सुरुवात टाउन हॉलपासून करावी, आधुनिक चित्रं बघायची असली तरीही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतली ही टोकदार कमानींची दगडी इमारत चार्ल्स मँट यांची, 1872 ते 1876 या काळात उभी राहिलेली. आत शिरल्या शिरल्या चित्रांकडे धावू नये. बाहेर भर दुपारी उन्हाचा उजेड लाखभर लक्स (हे उजेडाचं माप) असतो. आत कागदावरच्या चित्राला सोसेल असा उजेड पन्नास लक्स धरतात, तैलरंगाला दीडशे-दोनशे. एवढ्या फरकातून आलेल्या डोळ्याला पाच-दहा मिनिटं सगळं मळकटच दिसणार. ‘दिवे लावा की जरा’ अशी कुरकूर कुठल्याही संग्रहालयात ऐकू येते, ती करणारा नुकताच उन्हातून आलेला असतो. जलरंगावर पडलेला उजेड हिशेबात जमा होत जातो. आज जास्त पडला म्हणून उद्या अंधारात ठेवलं तरी गेलेला रंग परत येत नाही. लाल आणि जांभळे रंग आधी उडतात, मातीचे रंग, म्हणजे पिवळी माती, गेरू, अंबर नावाची तपकिरी माती, टिकून राहतात. कितीतरी जुनी निसर्गचित्रं आज तपकिरी-पिवळी दिसतात त्यामागे चित्रकाराची आवड जितकी असेल तितकाच खिडकीचा उजेडही असू शकतो.

तेव्हा आधी मूर्तींच्या दालनात जावं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती इथली. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमन व्यापाराच्या वाटेनं पंचगंगेच्या काठी येऊन पडला. तिच्याभोवती डोकं हलवत बघा. समोरून, मग डावीकडून, मग उजवीकडून. मूर्ती अशी बघायची असते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, देवळात प्रदक्षिणा घालून पाय तयार झालेले असतात. चित्रासमोर मात्र आपण खांबासारखे ताठ उभे राहतो. चित्रालाही बाजू असते, ती बघायची.

एव्हाना डोळा सरावलेला असतो. आता कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांकडे वळा. आबालाल रहिमान मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले, शाहू महाराजांच्या आश्रयानं राहिले आणि 1931 मध्ये गेले तोवर कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा, भोवतीची शेतं हेच त्यांचं जग होतं. महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली अशी आख्यायिका गावात आहे. ती सांगताना लोकांचे डोळे चमकतात, पण भिंतीवर जी उरली आहेत त्यांच्यापुढे तेच लोक अर्धा मिनिट थांबत नाहीत.

कुठल्याही जलरंगापुढे उभं राहिल्यावर पहिलं शोधायचं ते पांढरं. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरा असतो तो कागद. म्हणजे पाण्यावरची चमक, धोतराची कड, देवळाच्या शिखरावरचं ऊन हे सगळं चित्रकारानं रंगवलेलं नाही, सोडलेलं आहे. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, टाकायच्या आधीच कुठं हात लावायचा नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. नंतर आठवलं तर उपयोग नाही. मग खरवडायचं किंवा अपारदर्शक पांढरा लावायचा, आणि तो लावलेला पांढरा जवळून खडूसारखा निर्जीव दिसतो. दुसरं, कडा बघा. ओल्यावर ओलं पडलं असेल तर कड विरघळलेली असते, झाडी धुक्यात जाते. वाळल्यावर दुसरा थर पडला असेल तर कड सुरीसारखी धारदार. आणि अर्धवट वाळलेल्या थरात जास्त पाण्याचा कुंचला टेकला तर फुलकोबीसारखा डाग उमलतो, त्याला विद्यार्थी ‘फूल आलं’ म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. तिसरं, दगडी भिंत किंवा ढग असेल तिथं रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत साचून बारीक रवा पडलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा हे हमखास करतो. हे सगळं वीतभर अंतरावरून दिसतं. मग सहा पावलं मागं या. रवा, फुलं, कडा नाहीशा होतात आणि घाटाच्या पायऱ्या उरतात.

हे मागं-पुढं जाणं जमलं की उरलेला दिवस सोपा, कारण आधुनिक चित्रात यातलं शेवटचं पाऊल काढून टाकलेलं असतं. रवा, फूल, कडा तिथंही असतात. मागं आल्यावर घाट मात्र उभा राहत नाही.

या गावाला तसं हे मागं-पुढं जाणं नवीन नसावं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवले. पडदा जवळून बघायचा नसतोच. जवळून तो नुसते फटकारे, चाळीस हात लांबून तोच राजवाडा. बाबूराव पुढं कॅमेऱ्याकडे गेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. गावाची नजर घडली ती या पडद्यांवर, व्यक्तिचित्रांवर, रंकाळ्याच्या काठावर रविवारी स्पॉटला, म्हणजे समोरचं बघून रंगवायला, बसणाऱ्या पोरांच्या लँडस्केपवर. म्हणून इथल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, हुबेहूब आलंय का? प्रश्न वाईट नाही, त्यानं इथला हात पक्का ठेवला. पण प्रश्न एवढाच असला की अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या, चित्रापुढे गाडी अडते.

टाउन हॉलवरून रिक्षा करून राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय बघून यावं, तासाभराचं काम. पडद्यावरचे देखणे चंद्रकांत चित्रकारही होते आणि आपलं घर त्यांनी चित्रांसकट शासनाला दिलं. घरातच चित्रं असल्यानं खोल्यांचा आकार माणसाच्या मापाचा आहे, पाय दुखत नाहीत. तिथं पावडर शेडिंगची कामं आवर्जून बघा. काळी पूड कापसानं, बोटानं, कोरड्या ब्रशनं कागदावर चोळायची आणि उजेड रबरानं पुसून बाहेर काढायचा, असा हा उलटा उद्योग. जलरंगात उजेड सोडतात, इथं उजेड खोदून काढतात. पूड कागदाला चिकटलेली नसते, नुसती बसलेली असते. म्हणून फ्रेमची काच कागदापासून लांब ठेवायची आणि काचेऐवजी अॅक्रिलिकची शीट तर मुळीच लावायची नाही. ती पुसताना तिच्यात स्थिर वीज येते आणि गालावरची सावली उचलून शीटला चिकटते. हलकी, फुटत नाही म्हणून हौसेनं शीट बसवणारे फ्रेमवाले सगळीकडे आहेत. आपल्याकडे आजोबांचं असं पावडर शेडिंगचं चित्र असेल तर काचच मागा.

दुपारी मिसळ, किंवा तांबडा-पांढरा. याबाबत कोल्हापुरात कुणी कुणाला सल्ला देऊ नये. तासभर बसा.

चारच्या सुमाराला दसरा चौकात शाहू स्मारक भवन. इथलं दालन प्रदर्शनांसाठी मिळतं, त्यामुळे काय टांगलेलं असेल हे आठवड्यागणिक बदलतं. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बघून जावं. शक्यतो उद्घाटनाची संध्याकाळ टाळा. तिथं पाहुण्यांच्या पाठी दिसतात, चित्रं दिसत नाहीत. मधल्या वारी चार ते सहा दालन जवळजवळ रिकामं असतं. चित्रकार कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला असतो आणि कुणीतरी थांबतंय म्हटल्यावर स्वतः उठून येतो.

समजा, समोर तीन फूट बाय चार फुटांचं, अॅक्रिलिक रंगातलं चित्र आहे. वरचा दोनतृतीयांश भाग करडा-हिरवा, मधून एक गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची आडवी पट्टी, खाली जवळजवळ काळं. शीर्षक नाही. शेजारचं जोडपं बघतंय. तो म्हणतो, ‘ह्यात काय हाय म्हणायचं?’ ती म्हणते, ‘आवो, पाणी आसंल.’ तो म्हणतो, ‘मग पाणी काढायचं की सरळ!’ दोघं पुढं जातात. तिचं बरोबर असेल, नसेलही. पण ‘काय आहे’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, केलंय कसं?

उभं राहायचं अंतर मापानं ठरवता येतं. चित्राच्या कर्णाची दीडपट ते दुप्पट. तीन बाय चारचा कर्ण पाच फूट, म्हणजे साडेसात ते दहा फुटांवर उभं राहिलं की चारही कोपरे नजर न हलवता मावतात. इथं तीन मिनिटं काढा. नजर पहिल्यांदा कुठं गेली, मग कुठं घसरली, कुठं परत आली एवढंच ध्यानात ठेवा. बहुधा ती गंजक्या पट्टीवर जाते, कारण भोवतीच्या थंड रंगात तीच ऊबदार. आता डोळे अर्धे मिटा. रंग मावळतात, फक्त गडद-फिकट उरतं. पट्टी आणि वरचा करडा भाग एकजीव झाले तर समजा की चित्रकारानं दोन्हींचा टोन एकच ठेवलाय आणि फरक फक्त रंगाचा आहे. ती पट्टी थरथरल्यासारखी वाटते ती त्यामुळे. पट्टी दोन छटा गडद असती तर नुसती लोखंडी पट्टी झाली असती, पडून राहिली असती.

मग चित्राच्या अगदी बाजूला जा, भिंतीला खांदा लावून तिरपं बघा. दिव्याचा उजेड आता पृष्ठभागावरून घासत जातो आणि समोरून सपाट दिसलेलं चित्र डोंगराळ होतं. कुठं रंग सुरीनं ओढलाय, कुठं रोलर फिरवलाय, कुठं ओला थर कापडानं पुसून खालचा उघडा केलाय ते सगळं सांगायला लागतं. ओघळ बघा. ओघळ आडवे गेले असतील तर तो थर देताना कॅनव्हास आडवा ठेवला होता आणि नंतर फिरवला. शेवटी कॅनव्हासची जाडी बघा, फ्रेमवर दुमडलेली दीड इंचाची कड. फ्रेमिंग नसेल तर हा भाग उघडाच असतो आणि बहुतेक चित्रकार तो रंगवायचा विसरतात किंवा मुद्दाम सोडतात. तिथं खालचे सगळे थर वहीच्या पानांसारखे बाहेर आलेले असतात. आधी पिवळा होता, त्यावर विटकरी, मग पांढऱ्यानं सगळं झाकलं, मग करडा. समोरून जो करडा शांत वाटत होता त्याच्या पोटात पिवळं आहे. आता परत साडेसात फुटांवर या. तो करडा आता आधीसारखा दिसत नाही.

वासुदेव गायतोंडे यांची चित्रं समजायला हाच रस्ता. नागपुरात 1924 मध्ये जन्मलेला हा माणूस वर्षाला मोजकी चित्रं करायचा. रोलर, रंगाची सुरी, फाटलेल्या कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलायचे, थरावर थर, आणि थरांमधली वाट बघणं. आपल्या कामाला ‘अमूर्त’ हा शब्दसुद्धा त्यांना मान्य नव्हता. रझांचं उदाहरण कोल्हापूरकराला जवळचं वाटेल. ज्यांच्या चित्रांतला बिंदू, तो मोठा गोल, सगळ्यांना माहीत आहे ते सय्यद हैदर रझा चाळिसाच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची, पावसाची जलरंगातली निसर्गचित्रं करत होते. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट झाला तेव्हाही. बिंदूपर्यंत यायला त्यांना तीन दशकं लागली, आणि वाट लँडस्केपमधूनच गेली. म्हणजे रंकाळ्याच्या कट्ट्यावर ड्रॉइंग बोर्ड मांडून बसलेलं पोर आणि शाहू स्मारकातला तो करडा-हिरवा कॅनव्हास एकाच गल्लीतले आहेत. ‘हे तर आमचं बारकं पण काढंल’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. बारक्याला तीन बाय चारचा कोरा कॅनव्हास द्यावा. दहाव्या मिनिटाला तो सगळे रंग एकत्र करून चिखल करतो आणि कंटाळून उठतो. कुठं थांबायचं हेच तर अवघड काम आहे.

अर्थात प्रदर्शनात टांगलेलं सगळंच चांगलं असतं असं नाही. पुष्कळदा कडेनं बघितल्यावर पोटात काहीच सापडत नाही. एकच थर, त्यावर सुरीनं काढलेले चार दिखाऊ फराटे, वर सोनेरी वर्खाचा तुकडा. सोनेरी वर्ख हल्ली फार झालाय. तसंच ‘मिक्स मीडिया’ ही पाटी. त्यात काय काय मिसळलंय ते विचारावं. नीट उत्तर देणारा चित्रकार माध्यम जाणतो. तैलरंगावर अॅक्रिलिक चढवलंय असं कळलं तर घेऊ नका. तेल वर्षानुवर्षं हलत-वाळत राहतं, वरचं पाण्याचं अॅक्रिलिक त्याला धरत नाही, पापुद्रे सुटतात. उलट चालतं, अॅक्रिलिकवर तैलरंग. तैलरंगातही खालचे थर टर्पेंटाइननं पातळ आणि वरचे तेलकट हवेत. क्रम उलटला की वरचा थर आधी वाळून घट्ट होतो, खालचा नंतर आक्रसतो आणि उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडतात.

मांडणीतल्या चुका तर नवशिकासुद्धा ओळखू शकतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर यावा, सरासरी माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. आपल्याकडे चित्र चढवतात वर. घरात देवाधर्माचे आणि थोरामोठ्यांचे फोटो दारावर, किंचित खाली झुकवून लावायची सवय हाताला असते. मग बघणारा मान वर करून दालनभर फिरतो आणि डोकं दुखतंय म्हणतो. दिवा उभ्या रेषेपासून साधारण तीस अंशात तिरपा हवा. त्याहून सरळ खाली सोडला तर फ्रेमची सावली चित्राच्या कपाळावर पडते. जास्त तिरपा केला तर काचेत दिव्यासकट आपलंच तोंड दिसतं. आणि चित्र एका खिळ्यावर टांगलं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्यानं वाकडं होतंच. दोन खिळे, तार मजबूत. नायलॉनची दोरी ताणते, उद्घाटनाला सरळ रांगेत असलेली चित्रं तिसऱ्या दिवशी वरखाली झालेली असतात.

दाराशी अभिप्रायाची वही असते. ‘अप्रतिम’, ‘खूप सुंदर’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’, आणि अधूनमधून ‘नाद खुळा’. चित्रकाराला यातलं काहीच कामाचं नसतं. त्यापेक्षा एका चित्राचा क्रमांक लिहून, तिथं कुठं नजर अडली ते एका ओळीत लिहावं. ‘12 नंबर, उजव्या खालच्या कोपऱ्यातला हिरवा बाकीच्यांशी बोलत नाही’ असं कुणी लिहून गेलं तर माणूस घरी जाऊन तो हिरवा परत बघतो.

चित्र आवडलं तर किंमत विचारायला लाजायचं कारण नाही, यादी टेबलावर असते. मोठ्या कॅनव्हासला खिसा पोचत नसेल तर तोच चित्रकार छोटी कागदावरची कामं किंवा स्केचेस ठेवतो, ती बघावीत. लाल टिकली लागली म्हणजे विकलं गेलं. प्रदर्शन संपेपर्यंत चित्र भिंतीवरच राहतं, नंतर न्यायचं. नेताना अॅक्रिलिकवर बबल रॅप थेट गुंडाळू देऊ नका. अॅक्रिलिक उन्हात मऊ पडतं. एप्रिल-मेच्या गरमीत गाडीच्या डिकीत तासभर राहिलं की बुडबुड्यांचे गोल ठसे पृष्ठभागावर कायमचे बसतात. आधी सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, मग बबल रॅप, तोही बुडबुडे बाहेर ठेवून.

घरी लावताना भिंत निवडायला वेळ द्या. कोल्हापुरात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि पश्चिमेची बाहेरची भिंत आतून ओल धरते. त्या भिंतीवर लावलेल्या जलरंगाला दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके येतात, ती बुरशी. आतली, दोन खोल्यांमधली भिंत घ्यावी. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे पाच-सहा मिलिमीटर जाडीचे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. काच आणि कागद यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच, कागद काचेला चिकटला तर सोडवताना रंग काचेवर राहतो. पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडून कोपऱ्यात लाट आली तर लगेच मागच्या पाचरी ठोकायला घेऊ नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तो बराचसा आपोआप ताणतो. भिजक्या हवेत ठोकून ताणलेला तोच कॅनव्हास मार्चमध्ये तडकतो.

आणि दिवाळीच्या साफसफाईत काच पुसायचा स्प्रे चित्रावर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. काचेवर मारला की पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं, माउंट ते शोषून घेतो, आणि आठवड्याभरात तळाशी भरतीच्या रेघेसारखी एक पिवळी लाट चढलेली दिसते.